बिनतारीतील तार

ज्या विद्येला आपण मराठीत ‘बिनतारी’ असे नाव दिले, तिच्यात तारेवाचून पान हलत नाही, ही गोष्ट त्या विद्येच्या नादी लागल्यावाचून कोणाच्या ध्यानात यावयाची नाही. दोन गावांच्या मधली तार नाहीशी झाली हे खरे. परंतु ती गेली कोठे म्हणाल, तर दोन्ही टोकांच्या माणसांच्या डोक्यावर येऊन बसली! जुन्या तारेचे खांब सरकारने रोवले, त्यांवरच्या चिनी मातीच्या वाट्या सरकारने बसविल्या, आणि तार तुटली तर जोडावयास माणूसही सरकारनेच धाडला. या नव्या तारेला खांब धुंडाळण्याचे काम ज्याचे त्याने करावयाचे. मनुष्य घरी असेल तर गच्ची आहे, परसातले झाड आहे, शेजाऱ्यांची सहनशीलता आहे. प्रवासात यांपैकी काहीच बरोबर नेता येत नाही. म्हणून प्रवासात बिनतारी यंत्र बाळगणाऱ्या गृहस्थाचा निम्मा वेळ तार कोठे बांधावी या विवंचनेत जातो, आणि उरलेला निम्मा ती जुळविण्यात.

या विवंचनेची परंपरा मात्र थोर आहे. १९०१ सालच्या डिसेंबर महिन्याच्या १२ तारखेस न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिल नावाच्या टेकडीवर मार्कोनी कान लावून बसला, तेव्हा त्याच्यापाशीही उंच खांब नव्हता. आदल्या दिवशी तार घेऊन चढविलेला फुगा वाऱ्याने पळविला होता. अखेर वावडीला बांधून सुमारे ५०० फूट तार त्याने आकाशात चढविली, आणि इंग्लंडातील पोल्ढू येथून सुटलेली मोर्स लिपीतील तीन टिंबे आपण ऐकली असे जाहीर केले. पुढे त्या ऐकण्याविषयी विद्वानांनी शंका काढल्या. परंतु मला त्या कथेतला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. वावडी वाऱ्यावर वरखाली होई, तसतशी तारेची जुळणी पालटे. त्यामुळे सूर जुळवून घेणारे आपले नवे यंत्र बाजूस ठेवून मार्कोनीला जुन्या साध्या यंत्रावर भागवावे लागले. म्हणजे महासागर ओलांडणाऱ्या पहिल्या शब्दाच्या वेळीही तक्रार हीच होती की, तार आहे, पण जुळत नाही.

ज्या वाचकांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. सरकारची परीक्षा देऊन, परवाना आणि स्वतःचे एक संकेतनाव मिळवून, कसलाही मोबदला न घेता केवळ हौसेने बिनतारीवर बोलणारी मंडळी जगभर आहेत. त्यांना ‘हॅम’ म्हणतात. आपल्या देशातील बहुतेकांची संकेतनावे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. या मंडळींत एक काटकसरी पंथ आहे. पाच वॉटांहून अधिक शक्ती वापरावयाची नाही, हे त्याचे व्रत. पाच वॉट म्हणजे किती? आपल्या स्वयंपाकघरात जो नऊ वॉटांचा एलईडी दिवा जळतो, त्याच्या जवळजवळ निम्मे! ऐकणाऱ्याला हे फारसे जाणवत नाही, ही त्यातली मौज. शंभर वॉटांवरून पाचांवर उतरले, तर त्याच्याकडच्या मापात आवाज दोन पायऱ्यांहून किंचितच अधिक उतरतो. यंत्रेही महाग नसतात. हैदराबादचे अशहर फरहान यांनी ‘बिट्‌एक्स’ नावाच्या यंत्राचा जो नकाशा जगाला खुला करून दिला, त्यात तारेची वेटोळी गुंडाळावयास नळाचे वॉशर वापरले होते. जे सामान नळ दुरुस्त करणाऱ्याच्या पिशवीत सापडते, त्यावर समुद्रापार बोलता यावे, हे वाचून माझ्यासारख्या अनेकांना धीर आला.

माझा व्यवसाय हिशेबतपासणीचा. बिऱ्हाड जळगावास; परंतु सहकारी संस्थांची दप्तरे मालकाच्या सोयीने चालत येत नसल्यामुळे आज चोपडा, उद्या रावेर, परवा शिरपूर, अशी माझी भ्रमंती सदैव चाललेली असते. बगलेतल्या पिशवीत वह्यांच्या शेजारी एक यंत्र असते. ते जेवणाच्या डब्याएवढे आहे. बॅटरी तितकीच, आणि मोर्सची कळ सुपारीच्या अडकित्त्याहून लहान. या साऱ्यांचे मिळून जे वजन होते, त्याहून अधिक चिंता उरलेल्या एका वस्तूची असते. ती वस्तू म्हणजे एरियल, ज्याला आता सर्वजण अँटेना म्हणतात.

एरियलच्या लांबीला निसर्गाचा कायदा लागू आहे. सात मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबेचाळीस मीटर. तिच्या निम्म्याने, म्हणजे व्यवहारात वीस मीटरांच्या किंचित वर, तार घेतली की ती आपोआप त्या लहरीशी जुळते. वीस मीटर तार एसटीच्या फलाटावर ताणता येत नाही, आणि लॉजच्या खोलीत तर नाहीच. म्हणून आठ फुटांची घडीची छडी घ्यावयाची आणि जी लांबी कमी पडली तिची भरपाई बुडाशी गुंडाळलेल्या वेटोळ्याने करावयाची, अशी युक्ती निघाली आहे. ज्यांनी तंबोरा लावला आहे त्यांना ही युक्ती सांगावयास नको. वेटोळ्यावर जागोजागी फाटे काढलेले असतात, त्या खुंट्या. आणि शेवटचा बारीक फरक करावयास छडीचे टोक बोटभर वरखाली सरकवावयाचे, तो मणी. आधी कान लावून पाहावयाचे. फाटा बदलता बदलता एका ठिकाणी यंत्रातली खरखर एकदम फुगते, जणू बंद दार कोणी उघडले. ती जागा सापडली की मग काट्याकडे वळावयाचे.

पण तंबोऱ्याला शेजारच्या झाडाची बाधा होत नाही, या छडीला होते. माळावर जुळवलेली छडी कडुनिंबाखाली आणली की उतरते; ओल्या केळीच्या बागेशेजारी उभी केली तर तिचा सूरच पालटतो; आणि जुळविणाऱ्याने हात मागे घेतला, तरी तेवढ्यानेही काटा हलतो, कारण इतका वेळ त्या हातालाही तिने आपल्या हिशेबात धरलेले असते. एरंडोलजवळ एका बांधावर हा उद्योग चालला असता एक शेतकरी बराच वेळ उभा राहिला. मी छडीला हात लावी, दोन पावले मागे जाई, वाकून काटा पाही आणि पुन्हा पुढे येई. “हाई काय शे, भाऊ?” त्याने अखेर विचारले. मी सांगितले. त्याने मान हलविली आणि इतकेच म्हटले की, बैल नवा असला की असेच करावे लागते; जवळ उभे राहिले तर चालतो, दूर गेले की थांबतो. इतके नेमके वर्णन मी एकाही इंग्रजी पुस्तकात वाचलेले नाही.

आता त्या काट्याविषयी. यंत्रातून निघालेली शक्ती एरियलकडे जाते. जुळणी बरी नसेल तर तिच्यातला काही भाग माघारी येतो. किती गेली आणि किती परतली याचे प्रमाण काटा दाखवितो. काहीच परत आले नाही, म्हणजे प्रमाण एकास एक. नवशिक्याला या एकास एकाचा जो आनंद होतो तो काय वर्णावा! आणि आता तर हातात मावणारी अशी उपकरणे स्वस्तात मिळतात की, जुळणीची संपूर्ण आकृतीच डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु हिशेबतपासनिसाच्या डोळ्याला जुळलेला ताळेबंद पाहून समाधान होत नाही, तो अधिकच सावध होतो. जमाखर्च पैपर्यंत जुळावा आणि गोदामात पोते नसावे, असे प्रकार ज्याने पाहिले आहेत, त्याला या काट्याचीही जमा कोठे आणि खर्च कोठे हे विचारावेसे वाटते. माघारी आले नाही हे कबूल. पण मग गेले कोठे?

हा प्रश्न विचारताच मोठे गमतीचे उत्तर मिळते. एरियल काढून टाकून तिच्या जागी पन्नास ओहमचा एक साधा रोधक जोडा. काटा ताबडतोब एकास एक दाखवील. जगातील कोणतीही एरियल इतकी सुरेख जुळणार नाही. आणि तुमचा शब्द हातभरही बाहेर जाणार नाही. सारी शक्ती रोधक गरम करण्यात खर्ची पडेल. आखूड छडीचे पुष्कळ अंशी हेच होते. ढोबळ हिशेब करू. आठ फुटांच्या छडीत खऱ्याखुऱ्या प्रसारणाच्या खाती पडणारा विरोध सात मेगाहर्ट्झवर दीड ओहमच्याही आत भरतो. वेटोळ्याच्या तांब्यात पाचेक ओहम जातात, जमिनीत दहा किंवा त्याहून अधिक. म्हणजे पाच वॉटांतून आकाशाच्या वाट्याला अर्धा वॉटही येत नाही. बाकीचे वेटोळे खाते आणि माती खाते. काटा मात्र शांत. भोपळा फुटलेला तंबोरा सुरात लागतो, पण त्याचा नाद दिवाणखान्याच्या दारापर्यंतही पोहोचत नाही, त्यातलाच हा प्रकार.

याहून नवल पुढेच आहे. छडीच्या बुडाशी जमिनीवर चार तारा पसरल्या की मातीतली गळती कमी होते आणि आवाज दूर जातो. आमच्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत ओल असेल तेव्हा गळती मुळातच कमी. मे महिन्यात त्याच जमिनीला हात जाईल अशा भेगा पडल्या की ती वाढते. पण गळती कमी झाली की काटा काय म्हणतो? तो बिघडतो! कारण मघाशी जुळणी सुरेख दिसत होती ती गळतीच्याच बळावर. खोटा खर्च कमी झाल्याबरोबर बेरीज पन्नासाच्या खाली आली. पुन्हा खुंट्या पिळून नवी जुळणी करावी तेव्हा तो ताळ्यावर येतो. सुधारणा झाली असता हिशेब बिघडलेला दिसावा आणि नासाडी चालू असता तो चोख दिसावा, हा अनुभव संस्थांच्या दप्तरांत मला नवा नव्हता. पदार्थविज्ञानातही तोच भेटावा याचे मात्र नवल वाटले.

तेव्हा आपला शब्द खरोखर गेला की नाही हे सांगणार कोण? याचे उत्तर यंत्रात नाही. ते धुळ्यास देवपुरात, पांझरेच्या पलीकडे राहते.

माझे चुलते तारखात्यात होते. त्यांचे तारुण्य कडकट्टच्या आवाजात गेले. जन्म, मृत्यू, नेमणुका, लग्ने, कापसाचे भाव हे सारे त्यांच्या बोटांखालून गेले. ते सेवानिवृत्त झाल्यानंतर कित्येक वर्षांनी, २०१३ सालच्या जुलैमध्ये, देशातील तारसेवाच बंद झाली. त्या दिवशी ते फार बोलले नाहीत. पुढे वर्षभराने त्यांनी हौशी बिनतारीची परीक्षा दिली. मोर्स लिपीच्या भागात परीक्षकापेक्षा परीक्षार्थीच जलद होता, असे ते हसून सांगतात. गच्चीपासून परसातल्या शेवग्यापर्यंत त्यांनी तार बांधली, आणि दर रविवारी सकाळी साडेआठला मी जेथे असेन तेथून त्यांना हाक घालावी असा आमचा नेम ठरला.

कोणी म्हणेल, खिशात फोन असता हा द्राविडी प्राणायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. काकांचे कान गेली काही वर्षे उतरत चालले आहेत. माणसाच्या बोलण्यातली व्यंजने त्यांना उमगत नाहीत. फोनवर ‘बरे आहे’ आणि ‘घरी आहे’ यांतला फरक कळत नाही, आणि पुन्हा पुन्हा ‘काय?’ म्हणणे त्यांच्या स्वभावात बसत नाही. म्हणून फोन त्यांनी हळूहळू सोडला. मोर्समध्ये व्यंजने नसतात. एकच स्वर, तो आहे किंवा नाही. माणसांच्या बोलण्याला मिटलेले ते दार या एका स्वरासाठी अजून उघडे होते. तेवढ्यातून आमचे बोलणे चाले.

आता गंमत पाहा. जळगाव ते धुळे हे अंतर सडकेने सुमारे ९० किलोमीटर. पारोळ्याचा भुईकोट किल्ला मागे पडला की धुळे आलेच म्हणावयाचे. माझ्या छडीवरचे ते अर्धे वॉट कोलकत्यास ऐकू गेले, एकदा कोलंबोसही गेले. पण धुळ्यास जात नसत. याचे कारण छडीच्या स्वभावात आहे. उभी छडी आपली शक्ती क्षितिजाच्या रोखाने फेकते आणि डोक्यावरच्या आकाशात जवळजवळ काहीच पाठवीत नाही. क्षितिजाकडे गेलेल्या लहरीपैकी जी जमिनीला धरून जाते ती थोड्याच अंतरात क्षीण होते. जी वर तिरपी निघते ती आकाशातील विद्युन्मय थरावर आपटून शेकडो कोसांवर उतरते. मधला सारा प्रदेश कोरडा राहतो. धुळे त्या कोरड्या पट्ट्यात येते. शेजारच्या जिल्ह्यात बोलावयाचे असेल, तर लहर जवळजवळ सरळ डोक्यावर पाठवावी लागते. ती अडीचशे-तीनशे किलोमीटर उंच चढून पुन्हा खानदेशातच उतरते. तेही दिवस वर आल्यावर. पहाटे तो थर इतका विरळ असतो की सात मेगाहर्ट्झची लहर त्याला भेदून निघून जाते. साडेआठची वेळ म्हणूनच ठरलेली.

सरळ वर पाठविण्यास आडवी, बुटकी तार उत्तम. म्हणून माझ्या पिशवीत आता पतंगाची एक फिरकी असते. तिच्यावर मांज्याच्या जागी बारीक तार गुंडाळलेली आहे, वीस मीटरांहून थोडी अधिक. तिच्या एका टोकाशी फेराइटच्या कड्यावर दोन आणि चौदा वेढ्यांचा एक छोटा रोहित्र. सातास सातांनी गुणावे तसा तो पन्नास ओहमांचे सुमारे अडीच हजार करतो, आणि तारेच्या टोकाचा विरोध साधारण तितकाच असतो. कडुनिंबाच्या फांदीपासून बांधावरच्या बाभळीपर्यंत, दहा-बारा फुटांवर ती ताणली की काम झाले. जुळणी करावयाची ती शेवटच्या टोकाला. वीतभर तार मुडपली की सुमारे ७५ किलोहर्ट्झचा फरक पडतो, आणि आपल्याला सबंध मोकळीक आहे ती २०० किलोहर्ट्झची. तेव्हा वितीचे आणि बोटांचे जुने माप येथे अगदी चोख उपयोगी पडते.

झाड नसेल तेथे दुसरी सोय आहे. मीटरभर व्यासाचे तांब्याच्या नळीचे एक कडे, आणि त्याच्या तोंडाशी फिरता कंडेन्सर. कडे उभे धरले असता ते क्षितिजाकडे पाठविते तसे डोक्यावरही पाठविते. सात मेगाहर्ट्झवर त्याची खादाड वृत्ती छडीहून फारशी निराळी नाही, पण निदान जे पाठविते ते धुळ्याच्या वाटेने पाठविते. जुळणी मात्र सुईच्या नेढ्यासारखी. कंडेन्सर केसभर फिरला की सूर गेला. आणि पाचच वॉटांवरदेखील त्याच्या पत्र्यांमध्ये शेकडो व्होल्टांचा दाब उभा राहतो, म्हणून तो लाकडी दांड्याने, हात दूर ठेवून फिरवावा. लॉजच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मधोमध हे कडे उभे करून मी रविवारची सकाळ घालवितो, तेव्हा व्यवस्थापक मला पाण्याच्या टाकीचा कारागीर समजतो. मी त्याचा गैरसमज दूर करीत नाही.

तार बांधावी, जुळवावी, बोलावे आणि गुंडाळून चालते व्हावे, हा माझा रविवारचा खेळ आहे. याच क्रमाने, पण मानेवर तलवार टांगलेली असता, काही माणसांनी काम केले, त्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरांवर तो बोले. म्हणजे माझ्या फिरकीवरची तार जवळजवळ त्याच लांबीच्या लहरीची. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ठिकाण वरचेवर बदलावे लागे. प्रत्येक नव्या जागेत तार पुन्हा कशी बसविली असेल, भिंतीतल्या लोखंडाने तिचा सूर कितीदा उतरविला असेल, याची कल्पना मला थोडीफार करता येते. दारावर केव्हाही थाप पडेल या भीतीत ती जुळविण्याची कल्पना करवत नाही. त्या वर्षीच्या १२ नोव्हेंबरला थाप पडली, आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे १९५५ च्या नोव्हेंबरपासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून, नंतर कॅसल रॉकहून, गोव्याच्या स्वातंत्र्याचा आवाज १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत चालविला. आंबोलीच्या पावसात भिजलेल्या रानात एरियल जुळती ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने ओल्या केळीशेजारी एक सकाळ काढली आहे त्याला विचारावे. या दोन्ही ठिकाणी काट्याने काय दाखविले हे कोणाच्या लक्षात नाही. कोणी ऐकले, एवढेच इतिहासात उरले.

काकांचे ऐकणे हे तसेच आहे. हौशी मंडळींत ऐकू येण्याची प्रत तीन आकड्यांनी कळविण्याची चाल आहे, आणि सौजन्य म्हणून बहुतेकजण सर्वांना ‘५९९’ देऊन मोकळे होतात. अगदी ज्याचे नाव तीनदा विचारावे लागले त्यालाही! काका हे सौजन्य पाळीत नाहीत. तारखात्यात शब्द चुकला तर कोणाचा तरी बाप जिवंत असता मेला म्हणून कळे. त्या शिस्तीत वाढलेल्या मनुष्याला खोटी पोच देणे ठाऊक नाही. कडे वापरले तर ‘३३९’, तार चांगली बसली तर ‘५५९’, आणि काही न मिळाल्यास नुसती शांतता. एकदा घरी गेलो असता मी माझ्या काट्याची प्रशंसा करू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “काटा तुझ्यापाशी आहे, कान माझ्यापाशी आहेत. मी सांगतो तो आकडा लिहीत जा.” तेव्हापासून माझ्या वहीत काट्याचा रकाना आहे, पण तो शेवटी आहे.

आमच्या रविवाराला धुळ्यात एक मोठा शेजार आहे, असे मला कधीकधी वाटते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली तीही रविवारी, अठरा रविवार. बोलणारा कैदी, ऐकणारेही कैदी, भोवती दगडी भिंत. यापेक्षा कमी शक्तीचे प्रक्षेपण कोणते असावे? पण ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते, आणि त्यांनी ते टिपून घेतले. तो आवाज भिंतीबाहेर आला आणि घराघरांत गेला, त्याचे श्रेय बोलणाऱ्याइतकेच टिपणाऱ्याचे आहे. माझ्या क्षुद्र उद्योगाची त्याच्याशी तुलना करण्याचा हेतू नाही. परंतु क्षीण आवाजाला चांगला ऐकणारा मिळाला की तो क्षीण राहत नाही, हे त्या शहराला माझ्या आधी माहीत होते, एवढेच सांगावयाचे.

गेल्या दोन वर्षांत काकांचे कान आणखी उतरले. प्रथम सातशे हर्ट्झचा स्वर त्यांना ऐकू येईना. त्यांनी तो साडेचारशेवर आणला. वय झाले की वरचे स्वर आधी जातात, म्हणून हा उपाय वर्षभर चालला. मग तोही थकला. पावसाळ्यातल्या एका रविवारी मी धुळ्यासच होतो. कोणा परक्या स्टेशनाचा संदेश चालला होता आणि काका मान खाली घालून बसले होते. त्यांनी लाउडस्पीकरची जाळी काढून ठेवली होती, आणि उजव्या हाताची दोन बोटे आतल्या कागदी शंकूवर अलगद टेकविली होती. स्वर त्यांनी अडीचशेपर्यंत खाली आणला होता. तेवढ्या कंपनाला त्वचा सर्वांत जागी असते. डाव्या हाताने ते अक्षरे लिहीत होते. सबंध संदेशात एक शब्द चुकला नाही.

बोटे वाचतात, परंतु बोटांना कानाचे एक कसब नाही. खरखरीच्या गर्दीतून आपला स्वर निवडून काढणे कानाला जमते, बोटांना जमत नाही. त्यांना आवाज खरखरीच्या बराच वर लागतो. पूर्वी ‘३३९’वर आमचे बोलणे निभावे, आता ‘५५९’ पाहिजे. स्नेही म्हणाले, शंभर वॉटांचे यंत्र घे. मी हिशेब मांडून पाहिला. शंभर वॉटांनी दोन पायऱ्या मिळतात. छडी टाकून नीट बांधलेली आडवी तार वापरली, तर धुळ्याच्या वाटेवर त्याहून अधिक मिळते, आणि बॅटरीचे ओझे वाहावे लागत नाही. म्हणून आता शनिवारीच गावात पोहोचून झाडे हेरून ठेवतो. रविवारी सातलाच तार ताणतो, टोक वितीने मुडपतो, बोटाने सोडतो. काटा ताळ्यावर आला की थांबत नाही, तारेचा एक कोपरा विहिरीच्या लोखंडी पंपापासून दूर नेता येतो का, ते पाहतो. पूर्वी हे कौशल्य म्हणून करीत असे. आता पलीकडे दोन बोटे टेकलेली आहेत, हे ठाऊक असते.

हे किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. बोटांनाही वय असते. हिशेबाच्या धंद्यात आम्ही पाठविल्याच्या नोंदीवर विसंबत नाही, पोच मागतो. बिनतारीतही पोचेसाठी एक अक्षर ठरलेले आहे. टिंब, रेघ, टिंब. साडेआठ वाजून काही मिनिटांनी, सातपुड्याच्या पायथ्याशी कोठल्या तरी बांधावर, मी कळ सोडून वाट पाहतो. खरखर चालू असते. मग धुळ्याहून ते अक्षर येते, आणि मी वहीत काकांचा आकडा लिहितो.